‘त्रास देतो’ एवढ्याने भागत नाही

‘त्रास’ हा मराठीतला राबवून राबवून झिजलेला शब्द आहे. गुडघ्यांचा त्रास, पाण्याचा त्रास, ॲसिडिटीचा त्रास, वरच्या मजल्यावरच्यांचा त्रास. त्यामुळे लेक फोनवर म्हणते, “आई, हे फार त्रास देतात गं,” तेव्हा आईच्या डोळ्यांपुढे तिचा स्वतःचा संसार येतो: जेवणाला नावं ठेवणारा, रागाने ताट सरकवणारा, दोन दिवस अबोला धरणारा नवरा. ती मनापासून सांगते, “कुणाच्या घरात नसतो?” लेकीला वाटतं, आईने झटकून टाकलं. आईला वाटतं, आपण धीर दिला. फोन ठेवला जातो आणि पुढची दोन वर्षं लेक काही बोलत नाही.

असं गप्प राहणाऱ्या बायका थोड्या नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी कुणाची मदतही मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागितलेल्या जेमतेम १४ टक्के. त्यातही बहुतेकींनी पोलिसांकडे न जाता आधी आपल्याच माणसांकडे धाव घेतली. म्हणून पहिलं सांगणं ज्या माणसाच्या कानावर पडतं, ते कसं पडतं यावर पुढचं बरंच ठरतं.

हा लेख मुख्यतः नवऱ्याचा किंवा मित्राचा जाच सोसणाऱ्या मुलीसाठी आणि जिच्याजवळ ती मन मोकळं करेल त्या आई, बहीण, मैत्रीण, वहिनीसाठी आहे.

भांडण आणि धाक

भांड्याला भांडं लागतं, हे खरंच आहे. पण दोन भांडी लागली तर दोन्हींना पोचे पडतात. दर वेळी एकाच भांड्याला पोचा पडत असेल तर ते भांडण नव्हे. ओळखायची सोपी खूण अशी: भांडण मिटल्यावर कोण काय बदलतं ते बघायचं. तुम्ही मैत्रिणीला भेटणं बंद केलंत, माहेरी फोन तो घरात नसतानाच करू लागलात, बाजारातून यायला वीस मिनिटं उशीर झाला तर कारण तयार ठेवू लागलात, त्याच्या गाडीचा आवाज आला की मुलं आपोआप टीव्ही बंद करू लागली, आणि त्याचं मात्र काहीच बदललं नाही, तर त्या घरात धाक आहे. धाक रोज मारूनच बसवावा लागतो असं नाही. वर्षातून एकदा हात उचलला की उरलेलं वर्ष नुसती नजर पुरते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने हे ओळखलं आहे. तो चार प्रकार मानतो: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. यातला चौथा लोकांना हिंसा वाटतच नाही. पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं, दूध-भाजीला पैसे न देणं, न विचारता दागिने गहाण टाकणं, हे सगळं त्यात येतं. मुलगी झाली म्हणून टोमणे मारणं, चारित्र्यावर संशय घेणं, माहेर तोडायला लावणं हेही येतं. हे आधी माहीत असलं की सांगताना जीभ अडखळत नाही. ‘मारत नाहीत हो, पण...’ असं म्हणून आपणच आपलं म्हणणं पाडून टाकत नाही.

कुणाला

सगळ्यांना एकदम सांगायचं नाही. आधी एका माणसाला. ते सर्वांत जवळचंच असावं असं नाही, आणि अनेकदा नसलेलंच बरं. वडिलांना रक्तदाब आहे, दादा तापट आहे, आईच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे तुम्हाला ठाऊक असतंच.

माणूस निवडताना त्याचं आधीचं वागणं आठवा. नात्यात, चाळीत, ऑफिसात कुणावर अशी वेळ आली होती तेव्हा ही व्यक्ती काय म्हणाली होती? “तिचंही काहीतरी असेलच” म्हणाली असेल, तर तुमच्या बाबतीतही तेच म्हणेल. दुसरं, तिच्याकडे द्यायला काही आहे का: एक खोली, कपाटात कागद ठेवायला जागा, चार हजार रुपये, दुपारचा मोकळा वेळ. तिसरं, ती तुमच्या नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या मिंधेपणात नाही ना. स्थळ आणणारी आत्या किंवा मामा इथे जवळपास नेहमी बाद होतात. कारण हे लग्न बिघडलं की त्यांचा शब्द पडतो, म्हणून ते लग्न वाचवायला बघतात. तुमचा नंबर नंतर लागतो. नणंद कधीकधी सगळ्यांत कामाची ठरते, तिने भावाला लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण तिच्याकडे पहिल्याच दिवशी सगळं उघडं करू नका. एखादी छोटी गोष्ट सांगा आणि आठवडाभर बघा, ती परत घरात पोचते का.

मैत्रिणीला आधी आणि घरच्यांना नंतर, हा क्रम आम्हाला बरा वाटतो. मैत्रिणीचं तुमच्या लग्नात काही गुंतलेलं नसतं. लग्नासाठी काढलेलं कर्ज तिला फेडायचं नसतं, धाकट्या बहिणीचं स्थळ तिला बघायचं नसतं. तिच्यासमोर एकदा बोलून झालं की घरी बोलताना रडू कमी येतं आणि वाक्यं जागेवर पडतात.

कधी, कुठे, कशावरून

दिवाळीत किंवा मंगळागौरीला माहेरी आलेल्या मुली हमखास शेवटच्या संध्याकाळी बोलतात. बॅग भरलेली, सकाळची एसटी, नवरा घ्यायला यायचा. तेव्हा ऐकणाऱ्याकडे विचार करायला वेळच नसतो. घाबरून तो एकच गोष्ट करतो: “आता जा, नंतर बघू.” म्हणून आल्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुपारची आवराआवर झाल्यावर, घरात लहान मुलं जागी नसताना बोला. तुमच्या मुलांसमोर तर नकोच. मूल जाऊन बापाला निरागसपणे सांगतं, “आई आजीकडे तुमचं नाव सांगत होती.”

फोनवर बोलायचं असेल तर आधी फोन तपासा. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ असतं. तिथे अनोळखी कॉम्प्युटर किंवा दुसरा फोन दिसला तर तुमचे मेसेज दुसरीकडेही वाचले जात असतात. गुगल मॅप्सचं लोकेशन कुणाला शेअर होतंय तेही बघा. पण सापडलं की लगेच बंद करू नका. ते बंद झालेलं त्याला कळतं आणि “लपवण्यासारखं काय आहे?” यावरून त्याच रात्री पेटतं. फोन तसाच राहू द्या आणि महत्त्वाचं बोलणं दुसऱ्या फोनवरून करा: ऑफिसच्या, शेजारच्या काकूंच्या, दवाखान्यातल्या.

परदेशात असलेल्या मुलींची अडचण वेगळी. रविवारी सकाळचा व्हिडिओ कॉल असतो, आणि नवरा चौकटीच्या जरा बाहेर बसलेला असतो. आईला मुलगी हसताना दिसते. अशा वेळी आईनेच एक सवय लावावी: आठवड्यातून एकदा तिच्या कामाच्या वेळेत, साधा फोन. आणि पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यावं लागेल: “एकटी आहेस का?”

काय बोलायचं

विशेषणं सोडा, घटना सांगा. ‘तापट आहे’, ‘विचित्र वागतो’, ‘मानसिक छळ’ हे शब्द ऐकणाऱ्याला तोलता येत नाहीत, म्हणून तो स्वतःच्या अनुभवाने तोलतो. ‘हात उचलला’ हेसुद्धा फार सोज्वळ आहे. कसा उचलला, कुठे लागला, नंतर काय झालं हे सांगितलं की ऐकणारा सरळ होऊन बसतो. समजा, लेक आईला असं म्हणते:

“आई, दहा मिनिटं फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस. गेल्या महिन्यात मला तीनदा मार बसला. शेवटचा परवा, शनिवारी रात्री. आमटी खारट झाली इथून सुरू झालं. केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. हात लाव इथे, अजून टेंगूळ आहे. पोरगा दारात उभा राहून बघत होता. माझा पगार त्यांच्या खात्यात जातो, आत्ता माझ्याकडे तीनशे रुपये आहेत. मी आज घर सोडायचं म्हणत नाहीये. मला दोन गोष्टी हव्यात. बाबांना आणि दादाला मी सांगेपर्यंत सांगू नकोस. आणि माझी कागदपत्रं तुझ्या कपाटात ठेव.”

या बोलण्यात किती वेळा झालं तो आकडा आहे. सर्वांत ताजी घटना आहे, दिवसासकट. अंगावरची खूण आहे. कोणी पाहिलं ते आहे. पैशाची स्थिती आहे. आणि शेवटी, आज काय हवंय आणि काय नकोय, ते स्पष्ट आहे. हे शेवटचं वाक्य बहुतेक जणी विसरतात आणि तिथेच घोटाळा होतो. ऐकणाऱ्या माणसाला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. तुम्ही काम दिलं नाहीत तर तो स्वतःच शोधतो. आणि त्याला पहिलं सुचतं ते म्हणजे जावयाला फोन.

सांगताना सगळ्या तक्रारींची मोट बांधू नका. सासू फ्रिजला कुलूप लावते, दीर उलट बोलतो, लग्नात मानपान झाला नाही, आणि नवऱ्याने गळा धरला, हे सगळं एका दमात सांगितलं तर ऐकणारा त्यातली सगळ्यांत हलकी तक्रार उचलतो, कारण तिचं उत्तर त्याच्याकडे असतं: “सासूचं काय मनावर घेतेस!” गळा तसाच राहून जातो. सहा वर्षांपूर्वीच्या साखरपुड्यापासूनही सुरुवात नको. परवापासून करा, आईने विचारलं की मागे जा.

“तसे ते वाईट नाहीत” हे वाक्य जिभेवर येतंच, आणि ते खोटंही नसतं. मारणारा माणूस आजारपणात रात्रभर उशाशी बसलेलाही असू शकतो. ते सांगायला हरकत नाही. फक्त सुरुवातीला सांगू नका, ऐकणारा तेवढंच धरून बसतो.

ठरलेली उत्तरं

“जुळवून घे.” यावर वाद घालू नका, हिशेब द्या: “घेतलं. नोकरी सोडली, मैत्रिणी सोडल्या, मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यानंतर मार वाढला.” जुळवून घेण्याची यादी ऐकली की हा सल्ला पुन्हा देणं अवघड होतं.

“मुलांकडे बघ.” उत्तर सोपं आहे: “मुलंच बघतायत.”

“तू काय केलं होतंस?” हा प्रश्न दरवेळी वाईट हेतूने येत नाही. आईला कारण हवं असतं, कारण सापडलं तर उपाय सापडेल असं वाटतं. “आमटी खारट झाली होती” एवढंच सांगा आणि थांबा. खारट आमटी आणि भिंतीवर आपटलेलं डोकं तिच्या मनात शेजारी-शेजारी उभी राहू देत.

“झाकली मूठ सव्वा लाखाची.” धाकटीचं लग्न व्हायचंय, गावात नाव आहे, भावकीत दोन तोंडं आहेत. हा दबाव खरा आहे, त्याला ‘जुनाट विचार’ म्हणून उडवू नका. मूठ गावासमोर उघडायला तुम्ही सांगत नाही आहात, एका माणसासमोर उघडताय, एवढं म्हणा.

कधी आई काहीच बोलत नाही. उठून ओट्यापाशी जाते, भांडी पुन्हा घासायला घेते. पुष्कळदा त्यामागे तिचीच जुनी गोष्ट असते. तुम्हाला खरं मानलं तर तिला आपली तीस वर्षंही मानावी लागतात. त्या दिवशी आणखी रेटू नका. पहिल्यांदा सांगणं हे पेरणीसारखं समजा. आठवड्याने पुन्हा बोलायचं आधीच ठरवा. दुसऱ्या वेळीही काही उगवलं नाही तर माणूस बदला.

बैठक

आपल्याकडे अशा गोष्टींचा शेवट बैठकीत होतो. दोन्हीकडची चार-चार वडीलधारी माणसं, चहा-पोहे, मध्ये नवरा-बायको. गावात तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष किंवा पोलीस पाटीलही असतात. शेताच्या बांधाचा वाद असा मिटतो, कारण दोघांना एकमेकांची सारखीच भीती असते. इथे एकीला रात्री त्याच घरात झोपायचं असतं. त्याच्यासमोर ती खरं बोलली तर रात्री भोगते, नाही बोलली तर “बघा, एवढं काही नाहीये” ठरतं. शेवटी एक मोठे माणूस म्हणतात, “दोघांचंही थोडं थोडं चुकलं,” आणि सगळे उठतात. मारहाण चालू असताना नवरा-बायकोला एकत्र बसवून केलेलं समुपदेशनही याच कारणाने फसतं.

टाळता येत नसेल तर निदान अटी घाला. मुलीचं म्हणणं आधी वेगळ्या खोलीत, तिच्या विश्वासाच्या माणसासमोर ऐकायचं. मार, पगार आणि माहेरी येणं-जाणं या तीन गोष्टींवरच बोलायचं. ठरलेलं कागदावर लिहायचं, सह्या घ्यायच्या, एक प्रत मुलीच्या माहेरी ठेवायची. एका महिन्याने पुन्हा भेटायची तारीख त्याच दिवशी ठरवायची. आणि बैठकीनंतरचे पहिले काही दिवस मुलगी एकटी त्याच्याबरोबर राहणार नाही हे बघायचं. कागदावर सही करायला नवरा तयार नसेल, तर बैठकीतून काय निघणार होतं ते तिथेच कळतं.

थांबून चालत नाही तेव्हा

काही खुणा अशा आहेत की त्या असतील तर ‘कसं सांगू’ याचा विचार बाजूला ठेवून आधी सुरक्षित जागा बघावी. गळा दाबला असेल, एकदाही, तर ती सर्वांत मोठी खूण. बाहेरून वळ नसला तरी आत इजा होते आणि त्रास काही तासांनी, कधी दिवसांनीही वाढतो. आवाज बसला, गिळताना दुखलं, डोळ्यांत लाल ठिपके आले, चक्कर आली तर लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना ‘पडले’ न सांगता ‘गळा दाबला’ असंच सांगायचं. मारून टाकीन किंवा स्वतःला संपवीन अशा धमक्या, हत्यार किंवा रॉकेल हाताशी घेणं, गरोदरपणात मारणं, सतत पाठलाग करणं, आणि पूर्वीपेक्षा मार लवकर-लवकर व जोराचा होऊ लागणं, ही बाकीची लक्षणं.

एक गोष्ट घरच्यांना नीट समजावी लागते: बाई घर सोडायचं म्हणते ते दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्याच्या हातातून दोर सुटतोय हे त्याला तेव्हा कळतं. म्हणून “सोडून ये” हे रागात, फोनवर, त्याला ऐकू जाईल असं बोलायचं नसतं. निघायची वेळ तो घरी नसतानाची, सोबत माणूस, जायचं ठिकाण ठरलेलं आणि त्याला माहीत नसलेलं.

वही आणि पिशवी

सांगण्यासाठीही आणि पुढे लागलं तर कायद्यासाठीही एक नोंद ठेवा. मोठं लिहू नका. ‘१४ जून, शनिवार, रात्री १०. आमटीवरून. डोकं भिंतीवर. उजवीकडे टेंगूळ. मुलाने पाहिलं. शेजारच्या काकूंनी दार वाजवलं.’ एवढं पुरतं. वही घरात ठेवायची नाही. मैत्रिणीला दुसऱ्याच्या फोनवरून मेसेज केला तरी चालतो, त्यावर तारीख आपोआप पडते. जखमेचा फोटो काढताना एक लांबून, चेहरा दिसेल असा, आणि एक जवळून काढा.

कागदांत आधार, पॅन, पासबुक, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका आणि लग्नातले फोटो), मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्डाची प्रत, दागिन्यांच्या पावत्या. मूळ कागद हलवणं धोक्याचं असेल तर फोटो पाठवा. आणि एक बारीक गोष्ट, जिच्यावर पुष्कळ जणी अडकतात: आधारला आणि बँकेला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय? नवऱ्याचा असेल तर तुमच्या खात्याचा प्रत्येक ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. स्वतःच्या नावावर सिम आणि वेगळ्या बँकेत खातं, हे काम घर सोडायचं नसलं तरी करून ठेवावं. बँकेचं टपाल घरच्या पत्त्यावर येतं, हे तेवढं लक्षात ठेवून.

ऐकणाऱ्यांसाठी

तुमच्याजवळ कुणी बोललं तर पहिलं वाक्य एवढंच: “बरं झालं सांगितलंस. माझा विश्वास आहे.” दुसरं: “आत्ता घरी जायला सुरक्षित वाटतं का?” तिसरं: “मी काय करू, आणि काय करू नको?” यानंतर गप्प बसता आलं पाहिजे, आणि ते फार कठीण असतं.

जावयाला फोन करू नका. तो तुमच्याशी अतिशय नम्रपणे बोलेल, कदाचित रडेल, आणि फोन ठेवल्यावर वळून विचारेल, “घरच्या गोष्टी बाहेर सांगतेस?” त्यानंतर पहिली जाते ती तिची तुमच्याशी बोलण्याची वाट. भावाने चार पोरं घेऊन जाऊन दम देणंही याच जातीचं. केस झालीच तर ती आधी भावावर होते.

ती परत त्याच्याकडे जाईल. एकदा, दोनदा, पाचदाही. मुलांची शाळा, पैसा, माहेरच्या दोन खोल्या, त्याने पाय धरलेले, आणि प्रेमही, अशी कारणं एकात एक अडकलेली असतात. “आता परत आमच्याकडे रडत येऊ नकोस” हे वाक्य रागात निघून जातं आणि तिला ते कायमचं लक्षात राहतं. “तो नालायकच आहे” हेही जपून. उद्या ती परत गेली की त्या नालायकाबरोबर राहण्याची लाज तिला तुमच्यापासून तोडते. त्याच्या वागण्याला नाव ठेवा: “गळा दाबणं चूकच आहे, कारण काहीही असो.”

शेजाऱ्यांना वाटतं, आपण कसं मध्ये पडायचं. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल कळवणाऱ्यावर जबाबदारी येत नाही. एरवी आरडाओरडा ऐकू आल्यावर वाटीभर साखर मागायला दार वाजवणं हेही मोठं काम करतं.

घराबाहेरचे दरवाजे

नातेवाइकांना सांगणं म्हणजे पोलिसांत जाणं नव्हे, पण दरवाजे कुठे आहेत ते दोघांनाही ठाऊक हवेत. जिवावर बेतलं तर ११२. सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असतं, तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, डॉक्टर आणि वकील यांची सोय एका ठिकाणी होते. महाराष्ट्रात पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आहेत. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर त्याची सुरुवात केली. तिथे बसतात त्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या, आणि तक्रार न देता नुसतं बोलायलाही जाता येतं. स्त्रियांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही, विधी सेवा प्राधिकरणाची देशभराची हेल्पलाइन १५१००. मन फारच खचलं असेल तर टेली मानस, १४४१६.

पोलीस ठाण्यात ‘एनसी’ लिहून परत पाठवलं, अशी तक्रार नेहमीची. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, त्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. तरी तिची प्रत घेऊन ठेवा, तारखेचा पुरावा होतो. २००५ च्या कायद्याखाली मात्र वाट वेगळी आहे: संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरतो, अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि साठ दिवसांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश सुरुवातीलाच मागायचा. मार थांबवण्याचा, घरात राहू देण्याचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आदेश मिळू शकतो. “घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तुझा काय संबंध” हे वाक्य २०२० पासून तितकंसं चालत नाही. लग्नानंतर जिथे संसार केला ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या मुलीलाही, नातं लग्नासारखं असेल तर, हा कायदा लागू होतो. नुसत्या मित्राच्या बाबतीत तो चालत नाही, पण मारहाण, पाठलाग, फोटो पसरवण्याची धमकी यांना इतर कलमं आहेत. तिथे मुलीला दोन गोष्टी एकदम सांगाव्या लागतात, नातं होतं हे आणि तो छळतो हेही, आणि घरचे पहिलीवरच अडकतात. त्यामुळे इथे पहिला माणूस मावसबहीण, वहिनी किंवा कॉलेजातल्या मॅडम असलेल्या बऱ्या. छळ सोसणारा पुरुष असला तर २००५ चा कायदा त्याच्या मदतीला येत नाही, आणि मित्र हसण्यावारी नेतात. घटना, तारीख, मागणी ही सांगण्याची रीत त्यालाही तीच.

मंगळवार, साडेअकरा

ऐकून घेतल्यावर दोघींनी मिळून एक साधी गोष्ट ठरवावी. आठवड्याचा एक दिवस आणि एक वेळ, समजा मंगळवारी साडेअकरा, तो कामावर गेलेला असताना. फोन नेहमीसारखा. एक वाक्य ठरलेलं, ज्याचा घरात कुणाला संशय येणार नाही: “लोणच्याची बरणी पाठवशील का?” याचा अर्थ, आज परिस्थिती बरी नाही, कुणीतरी काहीतरी निमित्त काढून घरी या. “बरणी लगेच हवीय” म्हणजे ११२ ला फोन करा, पत्ता द्या. तिचा पत्ता, इमारतीचं नाव, मजला आणि जवळची खूण ऐकणारीने आधीच कागदावर लिहून ठेवलेली असावी, घाबरल्यावर आठवत नाही. साडेअकराला फोन उचलला नाही तर पाऊण वाजता पुन्हा. तेव्हाही नाही उचलला तर नवऱ्याला फोन करायचा नाही, शेजारच्या काकूंना करायचा, आणि म्हणायचं, “जरा बघता का, तिच्याकडे आमचा डबा राहिलाय.”